गोत्र सांगणारा दगड

रविवारी सकाळी नऊनंतर गिरावीन उपनगरातल्या त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नसे. गल्लीतल्या सातव्या घराच्या दुहेरी गॅरेजात गाड्या नव्हत्या, तिथे शिळा होती. गॅरेजच्या दारापासून पत्रपेटीपर्यंत चपला-बुटांची रांग लागे. शेजारचे ग्रॅहम आजोबा आपल्या हिरवळीवर कुणी गाडी चढवू नये म्हणून नारिंगी शंकू मांडत आणि खुर्ची टाकून पहारा देत बसत. भक्त ब्लॅकटाउनहूनही येत. त्यांत डॉक्टर होते, बँकवाले होते, आणि कॉम्प्युटरवाले तर पोत्यानं होते.

चित्रा कचऱ्याच्या लाल आणि पिवळ्या डब्यांच्या मधे उभी होती. ती भक्त नव्हती. हायस्कूलमध्ये ती आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवायची, आणि आज फक्त सासूबाईंना गाडीतून आणायला-न्यायला आली होती. तिचा नवरा माधव रेल्वेच्या सिग्नल विभागात इंजिनिअर, आणि वीकेंडला ट्रॅकवर्क असलं की तो ट्रॅकवर. सासूबाई, म्हणजे नीरजाताई, पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसल्या होत्या.

हेमचंद्र महाराज आले. भगव्या कफनीवर हिरवी शाल होती, कारण आयर्लंडचा रंग हिरवा. पूर्वाश्रमी ते फरशीच्या शोरूममध्ये होते, ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि दगडांनीच मला बोलावलं असं पुढे जोडत.

"ही ओगम शिळा," महाराजांनी सुरुवात केली. "आयर्लंडच्या मातीत दीड हजार वर्षं उभी होती. तिथले प्रोफेसर म्हणतात, लिपी आमची. अरे बाबा, तुमची कशी? तुम्ही तेव्हा मेंढ्या हाकत होता. लिपी आपल्या ऋषींची. ते तिथे गेले, ओम् म्हणाले, तेच ओगम झालं. हे सायन्स आहे. मोबाइल बंद करा, शिळेला रेडिएशन सोसत नाही."

सगळ्यांनी निमूटपणे मोबाइल बंद केले. त्यातले निम्मे लोक मोबाइलची ॲप्स लिहून पोट भरणारे होते.

त्या दिवशी पहिली पाळी दत्तप्रसादची होती. हा माधवचा मित्र एका बँकेत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होता. घरात मिक्सर आणायचा तरी चाळीस जणांचे अभिप्राय वाचणारा माणूस. तो हात जोडून पुढे झाला. ट्रॉलीवर कमरेइतका उंच, पिवळट, कोरडा दगड उभा होता. त्याच्या कडेवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. महाराजांनी तांब्याच्या कलशातून पाण्याची धार धरली, आणि बघता बघता कडेवर रेघा उमटल्या. उजवीकडे काही, डावीकडे काही, काही तिरप्या, आणि मग नुसते ठिपके. गर्दीत एक मोठा सुस्कारा पसरला.

महाराज वरून खाली बोट फिरवत वाचू लागले. "दत्तप्रसाद. विश्वनाथाचा सुत. गोत्र भारद्वाज."

दत्तप्रसादला रडू फुटलं. चित्राला बघून तो म्हणाला, "वहिनी, ऑफिसात अकरा वर्षं झाली. एकालाही माझ्या वडिलांचं नाव माहीत नाही. दगडाला माहीत आहे."

चित्राला त्याचं वाईट वाटलं आणि हसूही आलं. मात्र तिची नजर दगडावरून हलली नव्हती. रेघांवर पाणी ठरत नव्हतं. अळूच्या पानावरून ओघळावं तसं ते थेंब थेंब होऊन निसटत होतं. पुढच्या पाळीआधी दगड सुकावा म्हणून ट्रॉली उन्हात ढकलली गेली आणि मंडळींना चहा-बिस्किटं मिळाली. फेब्रुवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, दहा मिनिटांत दगड कोरडा ठणठणीत झाला. दुसऱ्या भक्ताच्या वेळी पुन्हा रेघा उमटल्या. चित्रानं या वेळी त्या सावकाश मोजून मनात ठेवल्या.

सोमवारी फ्रिज पुसताना तिला दारातल्या चटणीमागे डोळ्यांच्या थेंबांची बाटली सापडली. सील तसंच होतं. ही बाटली आठ दिवसांपूर्वीच उघडायला हवी होती.

नीरजाताईंना काचबिंदू होता. हा आजार लबाड आहे. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. पॅरामॅटाच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की रोज झोपताना एक थेंब, आयुष्यभर, कारण यात गेलेली नजर कुठलंही ऑपरेशन परत आणत नाही.

"आई, थेंब बंद केलेत?" चित्रानं विचारलं.

"महाराज म्हणाले, ते केमिकल आहे. शिळेवरचं तीर्थ डोळ्यांना लावायचं. येत्या रविवारी माझं वाचन आहे. त्यानंतर एकवीस दिवसांत नजर साफ."

"त्या पाण्यानं डोळे धुताय तुम्ही?"

"तीर्थ आहे ते, चित्रा."

चित्राला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. या बाईंनी तिच्या बाळंतपणात चार महिने तिला गादीवरून उठू दिलं नव्हतं. आणि आता त्या कुणा फरशीवाल्याच्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांवर पाणी सोडायला निघाल्या होत्या.

"आई, तुम्ही इथे राहायला आलात तेव्हा विमानतळावर तुमची कढीपत्त्याची जुडी काढून घेतली. आठवतंय? एक पान सोडलं नाही. मग यांचा मातीतून उपटलेला एवढा दगड कसा सोडला?"

"त्यांना सिद्धी असेल."

"आणि खऱ्या शिळा खालून वर वाचतात. मी काल शोधून पाहिलं. हे वरून खाली वाचतात."

नीरजाताई शांतपणे म्हणाल्या, "त्या दगडानं दत्तप्रसादचं गोत्र सांगितलं. तुझ्या डॉक्टरला माझं गोत्र तरी माहीत आहे का?"

पॅरामॅटाच्या नेत्ररुग्णालयात गोत्राची नोंद होत नाही.

"असं करू," सासूबाईंनी स्वतःच तोड काढली. "रविवारी शिळा चुकली, तर तिथेच, सगळ्यांसमोर तुझे थेंब घालून घेईन. बरोबर निघाली, तर त्या बाटलीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

चित्रानं थेंबांशिवायचे आणखी सहा दिवस मनात मोजले आणि कबूल म्हणाली. जबरदस्तीनं कुणाच्या डोळ्यांत थेंब घालता येत नाहीत.

माधवकडून मदतीची आशा होती, ती मंगळवारीच संपली. तो लॅपटॉप घेऊन बसला आणि तासाभरानं गंभीर चेहऱ्यानं वर बघून म्हणाला, "अगं, खऱ्या ओगम शिळांवर एक्झॅक्टली हेच असतं. अमुकाची शिळा, तमुकाच्या मुलाची, अमक्या कुळातल्याची. तो माणूस खोटं बोलत नाहीये."

"आणि कोरड्या दगडावर अक्षरं उमटतात ती?"

"ते मी नाही चेक केलं. पण हे तर खरं निघालं ना."

आपल्या शिकलेल्या माणसांचं हे असंच होतं. थापेचा जो अर्धा भाग पुस्तकात सापडतो तेवढाच ते तपासतात, तो खरा निघतो, आणि उरलेला अर्धा त्याच्या पुण्याईवर फुकटात आत शिरतो.

बुधवारी संध्याकाळी नीरजाताई पार्कातल्या आज्यांबरोबर फिरायला गेल्या होत्या. चित्रा आमटीला फोडणी देत होती आणि माधव सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळत होता.

"शिळावाचनाचा ऑनलाइन फॉर्म आलाय," तो म्हणाला. "आईला एवढं बारीक दिसत नाही, मीच भरतो. नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, गोत्र."

चित्राचा हात थांबला. "गोत्र कशाला?"

"संकल्पाला लागतं. प्रत्येक पूजेला विचारतात की."

"दत्तप्रसादनं भरला होता?"

"सगळेच भरतात. त्याशिवाय बुकिंग पक्कं होत नाही."

मोहरी करपली तरी चित्रा कढईकडे बघत उभी राहिली. केवढा सरळ मामला होता. चार दिवस आधी माणूस आपल्या हातानं बापाचं नाव आणि गोत्र लिहून पाठवतो, आणि चार दिवसांनी तेच ऐकून ढसाढसा रडतो. पूजा म्हटली की गोत्र सांगायचंच, ही सवय हाडीमाशी इतकी खिळलेली की आपण काही सांगितलंय हेही कुणाच्या लक्षात राहत नाही.

"बरं, आपलं गोत्र काय गं?" माधवनं विचारलं.

आता चित्राला ते पक्कं ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येक सत्यनारायणाला गुरुजी व्हिडिओवरून गोत्र विचारत, माधव तेव्हा हमखास कॅमेरा नीट करत असे, आणि नीरजाताई मागून ठणकावून सांगत, शांडिल्य. पण तिनं आमटी ढवळली आणि साळसूदपणे म्हणाली, "गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुणालाही विचारा, रीत तशीच आहे. माधवनं काश्यप लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

शनिवारी दुपारी चित्रानं मागच्या अंगणातली एक जुनी फरशी उचलली आणि वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्तीनं तिच्यावर रेघा ओढल्या. कोरड्या फरशीवर त्या दिसेनात. मग तिनं नळीनं पाणी मारलं, आणि हसत हसत फरशी गाडीच्या डिकीत ठेवली. पर्समध्ये थेंबांची बाटली ठेवली, बर्फाच्या छोट्या पिशवीसकट.

रविवारी नीरजाताई नारायणपेठी नेसून, केसांत अंगणातला मोगरा माळून निघाल्या. या खेपेला माधवही होता. गॅरेज तुडुंब भरलं होतं. महाराजांनी मेंढ्या, ऋषी, ओम्, रेडिएशन हे सगळं ओळीनं सांगून टाकलं, कलश उचलला आणि धार धरली. रेघा उमटल्या. चित्रानं मोजल्या. गेल्या रविवारच्याच होत्या, एकही कमी नाही की जास्त नाही.

"नीरजा," महाराज डोळे अर्धे मिटून वाचू लागले. "मुरलीधराची भार्या."

नीरजाताईंनी हात जोडले. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्याचं नाव ऐकून त्यांचे डोळे भरून आले. चित्राला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली.

"गोत्र," महाराजांनी आवाज खोल नेला, "काश्यप."

नीरजाताईंचे हात सुटले. "काय म्हणालात?"

"काश्यप, माते."

"पुन्हा वाचा."

महाराजांनी पुन्हा बोट फिरवलं. "का-श्य-प. स्वच्छ लिहिलंय."

"आमचं शांडिल्य आहे."

गॅरेजात कुजबुज झाली. महाराज मंद हसले. असे प्रसंग त्यांनी निभावले असणार. "माते, शिळा दीड हजार वर्षांपूर्वीचं मूळ गोत्र सांगते. मधल्या काळात घराण्यात काही बदल झाले असतील."

"बदल म्हणजे?"

"म्हणजे एखादं दत्तक. किंवा एखादी, आता कसं सांगू, भानगड."

बोलून गेल्यावर महाराजांनाही कळलं की हे बोलायला नको होतं. गोत्र म्हणजे नेमकं काय हे त्या गॅरेजातल्या एकालाही सांगता आलं नसतं, पण ते चुकलेलं मात्र कुणाला चालत नाही. नीरजाताई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठल्या आणि कंबरेला पदर खोचला.

"सेहेचाळीस वर्षं मी त्या घराची सून आहे. माझे सासरे संध्या केल्याशिवाय पाणी पीत नव्हते. त्यांच्या घरात भानगड होती असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही माते, मी नाही, ही शिळा—"

"शिळेला विचारत नाही मी. तुम्हाला विचारतेय. कुठे लिहिलंय काश्यप?"

महाराजांना घाम फुटला. त्यांनी आपल्या खुर्चीखाली हात घातला आणि चक्क टॅबलेट बाहेर काढला. "अहो, तुम्हीच लिहिलंय. हा बघा तुमचा फॉर्म. काश्यप. माझी काय चूक?"

ग्रॅहम आजोबांच्या हिरवळीवरचा फवारा चालू होता, त्याचा आवाज आत ऐकू येऊ लागला. सगळ्यांत आधी दत्तप्रसाद बोलला, अगदी हळू.

"फॉर्म? म्हणजे शिळा फॉर्म वाचते?"

"आणि रेडिएशन?" मागून कुणीतरी विचारलं. "टॅबलेटचं चालतं होय?"

चित्रा तोवर डिकीतून फरशी घेऊन आली होती. तिनं ती महाराजांच्या शिळेला टेकवून उभी केली. "दत्तप्रसाद, यावर काही दिसतंय?"

"नाही."

"घाल पाणी."

त्यानं कलश उचलून पाणी ओतलं. फरशीवर एक, दोन, तीन, चार, पाच अशा रेघा उमटल्या. यावेळी कुणी सुस्कारा सोडला नाही.

"मेणबत्ती आहे," चित्रा वर्गात सांगते तशी म्हणाली. "रेघा उमटतच नाहीत. बाकीचा दगड पाणी पिऊन गडद होतो, मेण लागलेल्या जागी पाणी मुरत नाही, तिथला रंग फिका राहतो. आपण म्हणतो, अक्षरं आली. खरं तर त्यांच्या भोवतीचा दगड काळवंडला. महाराज मेणापेक्षा भारी माल वापरत असतील."

माधव इंजिनिअर होता, आणि उशिरा का होईना त्याला ते आठवलं. त्यानं मागचा पडदा सरकवला. फळीवर फरशीत पाणी मुरू नये म्हणून लावतात त्या सीलरचा डबा होता, त्यावर बारीक ब्रश आडवा ठेवलेला.

"आता मोबाइल चालू करा," चित्रा म्हणाली. "ओगमचा तक्ता शोधा, आणि या रेघा मोजा. खालून वर."

साठ मोबाइल चालू झाले. दत्तप्रसाद दगडापाशी गुडघ्यावर बसून मोजू लागला. उजवीकडे एक, मग दोन, तीन, चार, पाच. डावीकडे एक ते पाच. तिरप्या एक ते पाच. ठिपके एक ते पाच. त्यानं तक्त्याकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"हे नाव नाहीये. ही नुसती मुळाक्षरं आहेत, ओळीनं."

"हो. तुला क ख ग घ ङ वाचून दाखवलं, आणि तू रडलास. मीही रडले असते. वडिलांचं नाव होतं ना."

महाराजांनी रिमोट दाबला. गॅरेजचं दार वरून खाली यायला लागलं, अर्ध्यावर चपलांच्या रांगेपाशी सेन्सरला अडथळा जाणवला आणि ते निमूटपणे परत वर गेलं. महाराजांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा दार वर गेलं तेव्हा समोर ग्रॅहम आजोबा उभे होते. सगळं ठीक आहे ना मेट, असं त्यांनी विचारलं. माधवनं त्यांना आयर्लंडच्या शिळेची गोष्ट सांगितली.

"आयर्लंड?" आजोबा इंग्रजीत म्हणाले. "नोव्हेंबरात ट्रकमधून उतरवला की तो. बागेचं सामान विकणाऱ्यांकडचा आहे. ट्रॉलीवर चढवायला मीच हात लावला होता."

इतक्या रविवारांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

नीरजाताई महाराजांच्याच खुर्चीत बसल्या, त्यांनी मान मागे टाकली आणि म्हणाल्या, "चित्रा, बोलले होते ना. घाल."

थेंब झोपताना घालायचे असतात, हे चित्रानं त्या क्षणी विसरायचं ठरवलं. तिनं बाटलीचं सील तोडलं. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब पडला. गर्दी बघत राहिली, आणि चमत्कार काही झाला नाही. डोळे थोडे चुरचुरले एवढंच.

कुणीतरी चित्राला म्हणालं, बोला काहीतरी. ती भाषण करणारी नव्हती, पण बोलली.

"खऱ्या शिळा आहेत, आयर्लंडात शेकड्यांनी आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हापावसात बसून छिन्नीनं लिहिलं, हा अमक्याचा मुलगा. का, तर नाव राहावं. आणि राहिलं. आजही माणसं ते वाचतात, कारण लोकांनी रेघा मोजल्या, ताडून पाहिल्या, चुकले तिथे चुकलो म्हणाले. मला यातच नवल वाटतं. तुमच्या वडिलांचं नाव दगडानं सांगायची गरज नाही. तुम्ही सांगा, मुलांना सांगा. आणि कुणी चमत्कार दाखवला की विचारा, याला हे आधी कुणी सांगितलं होतं, आणि मी करून पाहिलं तर होईल का. एवढं विचारायला डिग्री लागत नाही. डोळ्यांचं औषध मात्र डॉक्टरलाच विचारा."

परत जाताना सिग्नलला माधव म्हणाला, "चित्रा, तुला खरंच आपलं गोत्र माहीत नव्हतं?"

"माहीत होतं तिला," मागून नीरजाताई म्हणाल्या. "माहीत नव्हतं ते तुला. घरी गेल्यावर त्या फरशीवर शंभरदा लिहायचं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "लबाड आहेस गं तू. बरं झालं."

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्यांतला दाब वाढला होता, पण नजर अजून शाबूत होती. आणखी दोन-तीन महिने असेच गेले असते तर हे सांगता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. चित्रा बाहेर येऊन गाडीत बसली आणि पाच मिनिटं रडली.

गॅरेजात आता गाड्या असतात. पार्कातल्या आज्यांच्या घोळक्यात मात्र परवा एकीनं हॅरिस पार्क उपनगरातल्या नव्या ज्योतिषाची गोष्ट काढली. त्यानं म्हणे तिला पाहताक्षणी सांगितलं की तुम्हाला दोन मुलगे आहेत आणि धाकट्याचा व्हिसा अडकलाय. बाकीच्या आज्यांचे डोळे विस्फारले. नीरजाताईंनी चालता चालता चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि विचारलं, "ते असू दे. आधी सांग, फॉर्म कुणी भरला होता?"